गुरुवारची बोट

मंगळवार, १४ जानेवारी १९९७

येतेय. आई येतेय! पुढच्या गुरुवारी. पांढऱ्या बोटीतून, नवऱ्याबरोबर, गळ्यात कॅमेरा अडकवून — आमचं बेट बघायला!

दुपारी फोन आला. नाताळ होऊन गेलेला, कुणाचा वाढदिवस नाही, म्हणून आधी वाटलं कुणीतरी गेलं. "थेक्ला, टुरिस्ट फिरवतेस ती गाडी आहे ना अजून?" म्हटलं, आहे. लाल आहे, काचेवर नाव आहे — सबुरी. "मग मी तुझ्याच गाडीत बसेन. इतरांना दाखवतेस ते सगळं दाखव." आणि मग आवाज एकदम खाली. "पण ओळख दाखवायची नाही. तूही नाही, मीही नाही. तू आहेस हे त्याला ठाऊक नाही."

मी आहे हे ठाऊक नाही! मी पाच वर्षांची असताना ही टोरांटोला गेली, लोकांची म्हातारी माणसं सांभाळायला. तेव्हापासून दर नाताळाला पिंपभर सामान येतं. साबण, टूथपेस्ट, डब्यातलं मांस, आणि माझ्या अंगाला नेहमी एक वर्ष लहान होणारे फ्रॉक. ते पिंप कुणासाठी भरते म्हणून सांगते त्याला? बहिणीसाठी, म्हणे.

नवऱ्याबद्दल मला दोनच गोष्टी माहीत. गोरा आहे, आणि रेल्वेतून रिटायर झालाय. नाव तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढा तरी ताठा मला असू दे.

विचारलं, मी तुला ओळखू कशी? काही खूण?

"आईला ओळखायला खूण लागते का गं?" आणि फोन ठेवला.

बुधवार, १५ जानेवारी

एर्मिनमावशीला सांगावं की नाही, रात्रभर तळ्यातमळ्यात. शेवटी सकाळी तिचे पाय धुताना सांगून टाकलं. साखरेने पाय गेलेत, डोळे गेल्यातच जमा. उजेड कळतो, माणूस कळत नाही. आणि बाईचा थाट बघा — "माझी पिवळी चादर काढ. आणि वेणी घाल माझी."

अगं, आठ दिवस आहेत अजून!

"मग आठ दिवस घालून ठेव."

म्हटलं, मावशी, तिला ओळख दाखवायची नाहीये. नवरा असणार बरोबर. रडायचं नाही, नावाने हाक मारायची नाही. मावशी म्हणाली, "तिला न्हाऊमाखू मी घातलंय. तो नवरा तेव्हा कुठे होता?"

झालं. आता हिला कोण आवरणार?

पण हेही खरं की मावशी उन्हाळा बघेल असं डॉक्टर काही सांगत नाहीत. आत्ता भेट झाली तर झाली. धबधब्याच्या वाटेवरच आमचं घर आहे. सगळ्यांना अंगणात कोको पाजेन, म्हणेन हे आमचं साधं खेड्यातलं घर. आणि तेवढ्यात तिला आत नेईन. नुसता हात हातात. बास.

शनिवार, १८ जानेवारी

गाडी धुतली. सीटांची कव्हरं धुतली. पाटी घासली. हेस्केथ बघत उभा. धक्क्यावर माझ्या शेजारी गाडी लावतो, आणि बाई गाडी चालवते हे दुःख त्याला चार वर्षं पचलेलं नाही. "काय मॅडम ड्रायव्हर, राणी यायचीय की काय?"

म्हटलं, तुझी सासू. जाऊन बसला स्वतःच्या गाडीत.

सोमवार, २० जानेवारी

तिचा एकच फोटो आहे माझ्याकडे. बर्फात उभी, कोट, टोपी, मफलर. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. कार्निव्हलचा सोंग्यासुद्धा याहून जास्त दिसतो! तो भिंगाखाली धरून बसले होते आज. मूर्खासारखी.

काय बोलू तिच्याशी? सहा तास पाठीमागे बसणार आणि मी पुढे तोंड करून सांगणार — डावीकडे बघा जायफळ, उजवीकडे बघा दालचिनी!

राग येतोय. आनंदही होतोय, खोटं कशाला लिहू. पण राग जास्त.

बुधवार, २२ जानेवारी

वरती डोंगरात पाऊस. रस्त्यावर दगड आलाय म्हणतात. देवा, उद्याचा दिवस सोड फक्त.

गुरुवार, २३ जानेवारी

रात्रीचे बारा वाजलेत. पण सगळं आजच लिहिणार.

बोट सकाळी आठलाच धक्क्याला लागली. माणसं उतरायला लागली, आणि मी पाटी हातात धरून उभी. टोप्या, चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, काठ्या. एक तास गेला. चार जण माझ्या गाडीत बसले — टेक्सासच्या दोघी बहिणी आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं. हेस्केथची गाडी भरून गेलीसुद्धा. मला वाटलं, नाही येत. आणि मग जिन्यावरून ते दोघं उतरले.

तो गोरा, उंच, थोडा वाकलेला. ती आपल्यासारखी काळी. पन्नाशीची, अंगाने भरलेली, निळा झगा, मोठा काळा चष्मा. इतर गाड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर आली, काचेवरचं नाव वाचलं आणि हसली. "सबुरी," ती म्हणाली. "चांगलं नाव आहे." फोनवरच्या घरघरीत आवाज वेगळाच लागतो, म्हटलं.

 मी नुसतं दार उघडलं.

गाडीत बसलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते — कुठून आलात? आमच्या धंद्याची सुरुवातच तिथून. आज टेक्सासला विचारलं, नव्या जोडप्याला विचारलं, आणि त्या दोघांना सोडून दिलं. तिच्या तोंडून टोरांटो ऐकायची माझी हिंमत नव्हती. आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. नटी आहे नटी!

आरशात सारखी बघत होते. नाक माझं आहे का? कपाळ? चष्म्याने अर्धा चेहरा खाल्लेला. वळणावर टेक्सासवाल्या किंचाळल्या, "अहो बाई, रस्त्याकडे बघा!"

बागेत सगळ्यांना पानं चुरगळून वास द्यायला दिली. गवती चहाचं पान तिने नाकाशी धरलं ते सोडेचना. "माझी आजी ताप आला की हाच उकळून द्यायची," ती म्हणाली.  माझी पणजी! मग मी मुद्दाम आमच्या क्रिओल बोलीत हळूच म्हटलं, पुष्कळ दिवस लावलेस. तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि पुढे गेली.  मनात म्हटलं, बाई, तू जिंकलीस. एवढं तर मलाही जमलं नसतं.

धबधब्यापाशी माझी फजिती झाली. रोज पोपटासारखं बोलते मी — हे दोन धबधबे, उंच आहे तो बाप, रुंद आहे ती आई. आज 'उंच आहे तो बाप' म्हटलं आणि पुढे काही येईना. सगळे माझ्या तोंडाकडे. नव्या नवरीने विचारलं, "आणि हा दुसरा?" मी म्हटलं, पाणी जास्त आहे, इथे पाय सांभाळा.

तिचा नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. भला माणूस वाटला, हेच तर वाईट. "तुमचे आईवडील इथेच असतात?" माणसं विचारतात असं, त्यात काही नाही. ती दोन पावलांवर होती. मी मोठ्याने म्हटलं — वडील समुद्रात गेले. आई नाही मला. मावशीने वाढवलं.

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. लागलं ना? लागू दे, म्हटलं मनात.

मग घर. सगळे अंगणात, कोको, भाजलेला नीरफणस, टेक्सासवाल्या कोंबड्यांचे फोटो काढण्यात गुंग. नवरा माडाखाली. मी तिच्यापाशी गेले. "बाई, जरा आत येता का? आमची मावशी आजारी असते. तिला माणसं आवडतात." ती जरा बिचकली. नवऱ्याकडे बघितलं. मग आली.

मावशी पिवळ्या चादरीवर ताठ बसलेली. पावलं ऐकून दोन्ही हात पुढे केले. सगळी वचनं बिचनं विसरून आईला नावाने हाक — "फोन्सी? फोन्सी, तूच ना?"

ती जागच्या जागी थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. मी दारात होते. मी मान हलवली — हो म्हण. बाहेर ऐकू जात नाही, म्हण. माझे हात आपोआप जोडले गेले. ती किती वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेला बसली, मावशीचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "हो. मीच."

मावशीने तिचा चेहरा चाचपला. गाल, हनुवटी, कान. "जाडी झालीस गं. तिकडे खायला घालतात म्हणायचं." ती हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मावशी म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेले नाही. पोरगी चांगली निघाली बघ. तोंडाळ आहे, पण चांगली आहे." तिने वाकून मावशीच्या कपाळाचा मुका घेतला. मी तोंडात पदर — पदर कुठला, एप्रन — कोंबून बाहेर पळाले.

आणि मग जे केलं ते. उतारावर परत निघालो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बोट पाचला सुटते. बोटीने स्वतः विकलेल्या सहलीतली माणसं असतील तर ती थांबते. धक्क्यावरून आमच्यासारख्यांच्या गाडीत बसलेल्यांसाठी एक मिनिट नाही. हे मला जितकं माहीत आहे तितकं कुणाला माहीत असणार? एक तास उशीर झाला की बोट गेली. आज रात्री ती या बेटावर. मावशीच्या शेजारच्या खाटेवर. मग सांगू दे नवऱ्याला काय सांगायचं ते!

मोठ्या वळणावर गाडी थांबवली. इंजिन तापलंय, म्हटलं. बॉनेट उघडून उभी राहिले. वरून पावसाची भुरभुर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत गोंधळ सुरू. "बोट चुकणार! आमची औषधं बोटीवर आहेत!" नवी नवरी रडकुंडीला. ती मात्र खिडकीतून दरीकडे बघत होती.

तिचा नवरा उतरला. छत्री माझ्या डोक्यावर धरली. "आयुष्यभर इंजिनंच दुरुस्त केली मी. बघू का?" वाकला, हात लावला. इंजिन नुसतं कोमट! त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. तो एवढंच म्हणाला, "माझी बायको तुमच्या घरातून निघाल्यापासून एक शब्द बोललेली नाही. दमलीय ती. चालू करून बघा बरं एकदा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालू केली. सुरू झाली, न होऊन सांगते कुणाला? मग जी हाणली खाली! धक्क्यावर पोचलो तेव्हा दोर सोडायला माणसं उभी होती. टेक्सासवाल्या पळत सुटल्या.

ती शेवटी उतरली. माझा हात धरला. तळवा मऊ होता. इतकी वर्षं लोकांची म्हातारी माणसं उचलून हा हात असा कसा राहिला? "तुझ्या मावशीला सांभाळ," ती म्हणाली. "आणि स्वतःलाही."

तुझ्या मावशीला! थोरली बहीण तुझी, आणि 'तुझ्या मावशीला'! पण तो छत्री मिटत शेजारीच होता. समजू शकते. समजायलाच हवं.

बोट वळली तेव्हा मी हात केला नाही. आता वाटतंय, करायला हवा होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

मावशी आज दोन वाट्या पेज प्यायली. शिवाय खारवलेला मासा मागितला! शेजारणीला तीनदा सांगून झालं, "फोन्सी येऊन गेली, माझ्या कपाळाचा मुका घेतला." मी रागावले, हळू बोल. म्हणाली, "मी आता कशाला हळू बोलू?"

गाणं म्हणत होती अंघोळीला. तिला गाता येतं हे मी विसरलेच होते.

माझाही राग गेलाय. पुरता नाही, पण गेलाय. आली, बसली, 'मीच' म्हणाली. एवढं पुष्कळ झालं. पुढच्या फोनला मी आपणहून 'आई' म्हणणार आहे.

रविवार, २६ जानेवारी

चर्चहून आले तो फोन वाजत होता. आई. म्हटलं, आई! ती रडत होती.

"थेक्ला, मला माफ कर. मी उतरलेच नाही गं. जिन्यापर्यंत आले होते. तुझी लाल गाडी दिसत होती. तू पाटी धरून उभी होतीस. पाय पुढे टाकवेना. त्याला सांगितलं, पोटात दुखतंय. दिवसभर केबिनमध्ये पडून होतो आम्ही. वाट बघितलीस का फार?"

 मी फोन ठेवला.

आतून मावशीची हाक — "कोण होतं गं? फोन्सी का?"

म्हटलं, नाही मावशी. राँग नंबर.