फुलं करपली म्हणे

काजानी, १८ जुलै १९८४

चि. तेर्हीस हिल्क्कामावशीचे अनेक आशीर्वाद.

इथल्या इस्पितळात गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर म्हणतात, यंदा दलदलीत पाऊल टाकायचं नाही. मग तिथली आपली हिल्लाची फळं कोण तोडणार? तूच. आठवड्याभरात लाल फळं सोनेरी होतील, मऊ झाली की तोड. दोन बादल्या तरी निघतील. जागा तुझ्या आईला आणि मला ठाऊक होती. ती गेल्यावर तुला दाखवली. तुझे काका चाळीस वर्षं विचारत राहिले आणि तसेच वर गेले! हिल्लाची जागा नवऱ्यालासुद्धा सांगायची नसते.

शेजारच्या खाटेवर आपल्या कुहमोचीच लेम्पी आहे. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण घरून आलेलं सूप मला दिल्याशिवाय खात नाही. तू शिकवतेस ती पोरं बर्फ नसताना चाकांवर स्की करतात, हे तिला काही केल्या पटत नाही. प्रशिक्षकबाई झालीस तरी मावशीला विसरू नकोस.

तुझी मावशी


कुहमो, २६ जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गुडघ्याला जप. पोरांचा सराव जोरात आहे. सकाळी चाकांच्या स्की, दुपारी काठ्या घेऊन चढावर उड्या. ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे प्रशिक्षक बघायला येणार आहेत.

हिल्लाचं मात्र वाईट झालं. जूनमधल्या गारठ्यानं फुलं करपली असावीत. एकही फळ दिसलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. लोभ असू द्यावा.

तुझी तेर्ही


काजानी, ३१ जुलै

चि. तेर्हीस आशीर्वाद.

काल लेम्पीच्या सुनेनं बादलीभर हिल्ला आणले. लेम्पी म्हणाली, गारठा कसला न् काय, तुझी भाची थापा मारते. माझं डोकंच फिरलं. साऱ्या वॉर्डासमोर तिला सुनावलं, की आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही, तुझ्याच सुनेनं कुणाच्या तरी जागेवर डल्ला मारला असेल. ती रडली. तिचं सूपही मी परत केलं. बरं केलं ना गं?

तुझी मावशी


कुहमो, ४ ऑगस्ट

ती. मावशीस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

लेम्पीमावशी खरं बोलल्या. गारठा पडलाच नव्हता. तुझं पत्र येण्याच्या आधीच, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मी पोरांना आपल्या दलदलीत पळवलं. चौदा पोरं, तीन सकाळी. पायांत बळ यायला दलदलीसारखं दुसरं काही नाही, आणि रस्त्याकडच्या दलदलीचं पाणी काढून टाकलंय, ओली अशी आपलीच उरली होती. गेल्या हिवाळ्यात स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो, तेव्हा लोक हसले होते. यंदा मला नाव काढायचं होतं. तू इस्पितळात आहेस, तुला कळणार नाही, असंही मनात आलं. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

इंकेरी नावाची तेरा वर्षांची पोर मध्येच थांबली. म्हणाली, बाई, हे हिल्ला आहेत, कच्चे आहेत, बाजूनं जाऊ या. मी तिच्यावर खेकसले, की फळं बाजारात मिळतात, पाय मिळत नाहीत. मग तीही तुडवत गेली, खाली मान घालून.

तुझं पत्र आल्यावर बादल्या घेऊन गेले. नुसता चिखल. आई गेल्यावर तू मला पहिलं फळ जिथं भरवलंस, तिथंही. परत येऊन तुला ते खोटं लिहिलं. मला क्षमा कर, असं म्हणायचंही तोंड नाही.

तेर्ही


काजानी, ८ ऑगस्ट

चि. तेर्हीस,

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं.

फळं पुन्हा धरतील, दोन-तीन वर्षं लागतील. पण तुझं खोटं मी खरं म्हणून एका भल्या बाईच्या तोंडावर मारलं. काल तिची माफी मागितली. तिनं कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. रविवारी ये आणि तूच सांग, साऱ्या वॉर्डासमोर.

जागा आता चौदा पोरांना ठाऊक झाली, लपवण्यासारखं उरलं काय? फळं धरली की काठ्या घरी ठेवून त्यांना बादल्या घेऊन यायला सांग. लंगडत का होईना, मी येईन. सगळ्यांत पुढे इंकेरी चालेल. तू सगळ्यांत मागे.

लोभ होता तसाच आहे. विश्वासाचं रविवारनंतर कळवीन.

मावशी