एर्मेलिंदामावशीच्या खिडकीतली तुळस

लिस्बन, संत आंतोनियोचा सण

आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच.

उद्या सकाळी आमचं विमान, म्हणून आजचा शेवटचा दिवस तुझ्या माहेरच्या वस्तीत, अल्फामात काढला. तुझी गल्ली सापडली गं! दारोदारी सार्डिन मासे भाजत होते, माझ्या केसांना अजून वास येतोय. तुझी नात बेनेदिता तर कुणा अनोळखी आजोबांबरोबर नाचली.

तुझी बालमैत्रीण एर्मेलिंदामावशी खिडकीतच उभी होती. म्हणाली, "तुझी आई अजून विमानाला घाबरते? लग्न करून बेटावर गेली ती गेलीच." तुझ्या गुडघ्याचं मी बोलले नाही. फार दुखतो का?

मावशीने तुझ्यासाठी सणाची तुळस आणली होती. आदेलिनोने कुंडीत थेट नाक खुपसलं.

"अरे जावईबापू, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा. नाक लावलं की सुकते ती."

मग तिने माझ्या हातातून कुंडी काढूनच घेतली. "ही इथे माझ्या खिडकीत राहील. न्यायला तुझ्या आईलाच पाठव, आणि लवकर पाठव. जावयाने नाक लावलंय."

म्हणून निघताना तुळशीवर हात फिरवला आणि तोच या कार्डावर चोळला. वास घेऊन बघ. आणखी हवा असेल, तर विमानात बस.

तुझीच,
ग्रासा