डॉक्टरीणबाईंचं टेबल

१२ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

बारा स्क्रू निघाले, चार राहिलेत. मनगट भरून आलं म्हणून कागद ओढला. आशीर्वाद गृहीत धर.

डॉक्टरीणबाईंचं शिसवी टेबल आज परत आलं. टॉप मधोमध फाटलाय. महिन्यापूर्वी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "जेवायला आता आम्ही चौघं आणि ही फट."

माझा संशय त्याच क्षणी तुझ्यावर गेला, की फळ्या तू बदलल्यास. खोटं कशाला लिहू? आपल्या कारखान्यातून वेगळा होण्याआधी आठवडाभर तू फळ्यांचा थर हलवत होतास. विचारलं तर म्हणालास, "ताई, वारा लागू दे त्यांना." सात वर्षं सुकवलेल्या फळ्या, त्यांना आणखी कसला वारा? मग पॉलिशवाला सांगत आला, "भाऊरायांकडे दोन कपाटं उभी आहेत. शिसव अगदी आपल्यासारखं." 'अगदी आपल्यासारखं' हे त्याने दोनदा म्हटलं आणि चहाची वाट बघत बसला. मी दोन कप दिले.

टेबल जायच्या आधी तुझाही फोन आला होता. "टॉप कसा बसवलास गं?" मी म्हटलं, "तुला कशाला नसत्या चौकशा?" वाटलं, माझा आराखडा उचलायचा आहे तुला.

बाळ चालायला लागलं का?

टेबल आता जमिनीवर उलटं पडलंय. ओली फळी वाकते, पिळवटते. टॉपच्या या पाचही फळ्या सरळ आहेत. फाटलंय ते स्क्रूंच्या दोन रांगांच्या मध्ये. भोकं गोल आहेत, घट्ट. सुकलेलं लाकूडही हवेप्रमाणे आकसतं, त्याला सरकायला लांबट भोक लागतं. मला माहीत नव्हतं असं नाही. पण भोकं नेहमी तू पाडायचास. मी कागदावर रेघा मारायचे. तू गेल्यानंतरचं हे पहिलंच टेबल.

एक राहिलं. फट कळली त्याच दिवशी मी लाकूडवाल्याला सांगितलं, की तू कोरड्या फळ्या नेल्यास आणि त्या जागी ओल्या ठेवल्यास. त्याने तुला माल देणं बंद केलं ते त्यामुळे. कारण त्याने तुला सांगितलं नसेल. माझं नाव घेऊ नका, असं मीच बजावलं होतं.

उद्या त्याच्याकडे जाते.

तुझी,
जिला तू ताई म्हणत होतास ती

१३ फेब्रुवारी, सकाळ

लाकूडवाल्याकडे जाऊन आले. चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, फळ्या त्याच होत्या, चूक माझी. तो म्हणाला, "बाई, उशीर केलात. त्याने परवाच रंधे आणि करवती विकायला काढल्या."

पत्र पोस्टात टाकलं नाही, घेऊन आले. तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. दाराला कुलूप आहे.