तीन काळे चौकोन

विरार, रविवार संध्याकाळ

घरातल्या सिनेमाच्या खोलीसाठी काळ्या रंगाचे तीन नमुने भिंतीवर लावून ठेवले होते. छतालाही तोच रंग द्यायचा आहे. पडद्याचा उजेड परत फेकणार नाही असा हवा, म्हणून मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. दोन चमकले. तिसऱ्याने उजेड पार गिळला.

सकाळीच बाबांना पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून घेऊन आलो. जिना माझा खांदा धरून चढले. त्यांचा उभा जन्म होड्या रंगवण्यात गेला. म्हटलं, परीक्षा घेऊ. बॅटरी बंद केली, काहीच सांगितलं नाही. त्यांनी तिन्ही चौकोनांवरून सावकाश बोटं फिरवली आणि तिसऱ्यावर थांबले. "यो घे. खरबरीत हाय. यो चमकनार नाय."

मी खूश! बायकोला हाक मारणार होतो, मूर्खासारखा.

मग त्यांना दाखवायला पुन्हा बॅटरी लावली, तर उजेड चुकून थेट त्यांच्या डोळ्यांत गेला. पापणी हलली नाही. मी तसाच धरून राहिलो. का धरून राहिलो? आणि ते त्या उजेडात सरळ बघत मला विचारत होते, "रंगाचा दुसरा हात कवा मारनार?"

गेल्या वर्षी त्यांनी होड्या रंगवणं सोडलं. हात थरथरतो म्हणाले. आम्ही मान डोलावली. तो हात कुणी बघितलासुद्धा नाही.

मी आज बघितला, त्या खरबरीत काळ्यावर. जराही थरथरत नव्हता.