पूर्वपक्षाला पुरस्कार

६ जून

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोन अण्णांच्या खुर्चीला चिकटून असतो आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी, की आपले अण्णा जिवंत आहेत असा शोध इतिहास संस्थेला लागलाय. मानवी भूतकाळावरच्या उत्कृष्ट संशोधनाचा त्यांचा तो मोठा वार्षिक पुरस्कार यंदा अण्णांच्या पुस्तकाला मिळालाय. पुस्तक येऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात हा पुरस्कार कोणाकोणाला गेला ते आठव. एकाने आपल्याच सासऱ्याचं चरित्र लिहिलं म्हणून त्याला, एकाला तर अजून न लिहिलेल्या तिसऱ्या खंडासाठी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

अण्णांनी पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मला विचारलं, की आता तरी लोक पुस्तक वाचतील का. त्यांना त्या मानचिन्हाचं काही पडलेलं नाही रे. टेकडीखालचं ते जुनं गाव कोणी जाळलं नाही, माणसं सामानसुमान बांधून आपल्या पायांनी निघून गेली, एवढं एक कोणीतरी मान्य करावं, निदान वाचून नाकारावं, यात त्यांचा जन्म गेला, आणि घोडेस्वारांनी तर पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. नवी सूनबाई हे पत्र वाचणार असेल तर तिला सांग, की घोडेस्वार म्हणजे संस्थेचे माजी संचालक. बाहेरून घोडेस्वार आले आणि त्यांनी गाव पेटवलं, हे त्यांचं जन्माचं पालुपद, म्हणून आपल्या घरात त्यांचं नाव ते. अण्णांनी भेट दिलेली प्रत त्यांनी जोडलेली पानंसुद्धा न कापता कपाटात ठेवली, हे त्यांनीच चारचौघांत ऐटीत सांगितलं होतं.

समारंभात नीट ऐकू यावं म्हणून आपल्या चष्म्याच्या दुकानातलं सगळ्यात भारी श्रवणयंत्र मी अण्णांना बसवून दिलंय. मला मात्र येण्याचा आग्रह करू नकोस. त्या मंडळींच्या टाळ्या ऐकायला मी दुकान बंद ठेवणार नाही.

कळावे. लोभ असेल तसा राहू दे, वाढवण्याइतका तुझा पगार नाही.
तुझी,
ताई


१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. वाचून घरी नेऊ नकोस.

अण्णांचा फोटो द्यायला काल संस्थेत गेलो होतो. चिटणीसांच्या टेबलाच्या काचेखाली गेल्या वीस वर्षांच्या निमंत्रणपत्रिका दाबून ठेवल्यात, आणि वर एक भिंग आहे, कशासाठी देव जाणे. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, की अण्णांनी रंगवलेला घोडेस्वारांचा हल्ला वाचताना अंगावर काटा आला. मला वाटलं, भलत्याच पुस्तकाबद्दल बोलतायत. मग त्यांनी कौतुकाने मानपत्राचा मसुदा पुढे सरकवला. परकीय घोडदळाने ते गाव एका रात्रीत भस्मसात केले हे निर्विवादपणे सिद्ध केल्याबद्दल हा पुरस्कार देताना संस्थेस अभिमान वाटतो, असं त्यात आहे.

ताई, काय झालंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. अण्णांची ती खोड. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा नीट मांडायचं आणि मगच आपलं तोंड उघडायचं. आपण लहानपणी भांडलो की तुझी बाजू मला आणि माझी तुला मांडायला लावायचे, आणि ती पटेपर्यंत जेवायला मिळायचं नाही. पुस्तकातही त्यांनी तेच केलंय. पहिली एकशेबारा पानं पूर्वपक्ष, म्हणजे सगळी घोडेस्वारांची बाजू, उकरताना सापडलेल्या राखेच्या थरासकट. एकशेतेराव्या पानावर अण्णा म्हणतात, की हे सगळं चूक आहे, आणि पुढची दोनशे पानं ते का चूक आहे ते सांगतात. समितीने बक्षीस दिलंय ते पूर्वपक्षाला. पुढे कोणी गेलेलंच नाही.

चहा तसाच ठेवून मी निघून आलो. काय करायचं ते कळव.

तुझा,
धाकटा


१७ जून

चि. धाकटोबास,
आशीर्वाद आहेतच.

पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो घालून तो गृहस्थ खूश होऊन निघाला होता. संस्थेत नोकरी करतो का, असं त्याला विचारावंसं वाटलं.

गाढवाला गुळाची चव काय, हे मला माहीत होतं. पण गाढवाने गूळ न खाता नुसत्या कागदाला पहिलं बक्षीस द्यावं, ही मजल नवीन आहे. अरे, त्या उकरलेल्या घरांत एकाही दाराची चौकट सापडली नाही. जळकी नाही, मोडकी नाही, कुठलीच नाही. चुलींवर एक भांडं नाही. जीव घेऊन पळणारा माणूस चौकटी उचकटत बसतो का? अण्णांनी एवढ्या एका प्रश्नासाठी आठ उन्हाळे त्या टेकडीखाली काढले, आईला बरोबर नेऊन. आणि हे दीडशहाणे त्यांच्याच सहीने घोडे उधळवणार.

पण इथली गंमत ऐक. अण्णांनी कोट शिवायला टाकलाय. खालचा औषधवाला, जो आजवर त्यांना फक्त उधारीपुरता ओळखत होता, तो अभिनंदन करून गेला. ते स्वतः तीन जिने उतरून टपाल बघायला जातात आणि येताना गुणगुणत येतात. अशा माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तू सरळ अध्यक्षांकडे जा. मसुदा बदलून घे. नम्रपणे बोल, म्हणजे माझ्यासारखं बोलू नकोस.

तुझी,
ताई


२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अध्यक्षांना भेटलो. खोलीत गुडघाभर उंच गठ्ठे, सगळे पुरस्कारासाठी आलेल्या पुस्तकांचे, सुतळी न सोडलेले. त्यांनी त्यातल्याच एका गठ्ठ्यावर मला बसवलं.

त्यांनी न लाजता सगळं सांगितलं. परीक्षक पाच, आणि पुस्तक जाड, म्हणून त्यांनी ते वाटून घेतलं होतं. पहिले दोघे वाचून भारावले. तिसऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, चौथे मुलीकडे परदेशी गेले, आणि पाचवे असं धरून चालले, की सुरुवात इतकी ठाम आहे तर शेवटही तोच असणार. चांगलं पुस्तक आपल्या मुद्द्यावरून हलत नाही, असं अध्यक्षांचं मत आहे. मी एकशेतेरावं पान उघडून समोर धरलं. त्यांनी ते वाचलं, ताई, अगदी शांतपणे, आणि म्हणाले, की हे फार दुर्दैवी आहे, पण इतिवृत्तात घोडेस्वार मंजूर झालेत. निष्कर्ष उलटा असेल तर निर्णय फिरवावा लागेल, आणि मग पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाकडे जाईल. ते गणवेशाच्या बटणांच्या इतिहासावर आहे. वडिलांना खरंच इतका फरक पडेल का, असंही त्यांनी मला विचारलं.

मी उठून आलो. अण्णांना सांगायचं की नाही, हे आता तूच ठरव. माझ्याने होणार नाही.

तुझा,
धाकटा


२ जुलै

चि. धाकटोबास,
आशीर्वाद.

सांगायचं ठरवून संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले. तर त्यांनी मलाच भाषण वाचून दाखवायला घेतलं. पहिलंच वाक्य असं, की पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याबद्दल ते समितीचे ऋणी आहेत. पुढे मला काही ऐकू आलं नाही. उठून दूध तापवायला गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

आज त्यांची बॅग भरली. श्रवणयंत्रातले सेल काढून कपाटात ठेवले आणि पाच मिनिटांनी परत घातले. माणसाला बहिरं करून त्याचा सत्कार करायचा, इतकी काही मी संस्थेच्या वळणावर गेलेली नाही.

मी भित्री निघाले, हे खरं. उद्याच्या गाडीने ते तुझ्याकडे येतायत. त्यांच्या शेजारी बस, आणि मधेच उठून आले तर कोणाची परवानगी न विचारता घरी ने.

तुझी,
ताई


६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल झालं ते सगळं लिहितो. अण्णा अजून झोपलेत.

सभागृह अर्धं रिकामं होतं. पुढच्या रांगेत माजी संचालक, म्हणजे साक्षात घोडेस्वार, काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. अध्यक्षांनी मानपत्र वाचायला घेतलं. पहिल्या वाक्याला अण्णांनी कानातलं यंत्र चाचपून पाहिलं, त्यांना वाटलं ते बिघडलंय. दुसऱ्याला माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना कळलं. हातातलं भाषण त्यांनी चार घड्या करून खिशात घातलं.

मग ते माइकपाशी गेले आणि आवाज न चढवता बोलले. समितीने जेवढं वाचलं तेवढं फार काळजीपूर्वक वाचलंय, म्हणाले. पण ज्या मतासाठी हे बक्षीस आहे ते त्यांचं नाही, पुढच्या रांगेतल्या सद्गृहस्थांचं आहे. आपण फक्त त्या मताला आंघोळ घालून, बरे कपडे चढवून लोकांपुढे उभं केलं, आणि ते इतकं देखणं दिसलं याचा आपल्याला आनंद आहे. तेव्हा मानचिन्ह ज्याचं त्याला द्यावं. स्वतःचं म्हणणं एकशेतेराव्या पानापासून सुरू होतं, आणि तिथवर जाण्याची तसदी इथे कोणी घेऊ नये, असं म्हणून त्यांनी नमस्कार केला.

आणि ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडकडाट. त्यांना तो विनय वाटला. माझ्या मागच्या बाईंनी डोळे पुसले. अध्यक्षांना बहुधा कळलं असावं, पण तेही टाळ्या वाजवत होते, कारण थांबणं जास्त अवघड होतं. त्याहून कडी म्हणजे घोडेस्वार खरोखरच उठले, काठी टेकत व्यासपीठावर चढले, मानचिन्ह काखेत मारलं आणि जागेवर जाऊन बसले. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिलेला नाही.

मला अण्णांचा अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. घरी येऊन त्यांनी कोट काढला, वरणभात जेवले, आणि एवढंच म्हणाले, की तुम्हा दोघांना माहीत होतं तर मला सांगायचं होतं, मी सोसलं असतं. पुस्तकाचं नावही काढलं नाही. त्यांना गाडीत बसवून देईन तेव्हा फोन करतो. त्यांच्याशी काही दिवस भांडू नकोस.

तुझा,
धाकटा


११ ऑगस्ट

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. परत आल्यापासून अण्णांनी टपाल बघायला जाणं सोडलं. एकदा मला म्हणाले, की टेकडीखालच्या वह्या रद्दीत दिल्या तरी चालतील, जागा अडते. मी दिल्या नाहीत, पण ते मनापासून म्हणाले हे कळत होतं.

काल दुपारी दार वाजलं. उघडलं तर घोडेस्वार. या वयात तीन जिने चढून आलेले, घामाघूम, काखेत अण्णांचं पुस्तक आणि त्यात खोचलेल्या कागदाच्या पंचवीसतीस चिठ्ठ्या. मी पाणी आणेपर्यंतही त्यांना दम नव्हता. ते मानचिन्ह मिळाल्यापासून भेटेल तो त्यांचं या पुस्तकाबद्दल अभिनंदन करतो, म्हणून बघावं तरी, असं म्हणून त्यांनी पानं कापली होती. आपलं म्हणणं आपल्याला जन्मात इतकं चांगलं मांडता आलं नाही, असं त्यांनी बसता बसता सांगितलं, तेसुद्धा तक्रार केल्यासारखं. मग पुढची पानं हातातून सुटेनात, आणि महिनाभर झोप उडाली.

चौकटींना आपल्याकडे उत्तर नाही, म्हणाले. गाव कोणी जाळलं नसेल, हे आता मानणं भाग आहे, पण ते मानायला लावल्याबद्दल ते अण्णांना कधीही क्षमा करणार नाहीत. आणि एवढं तोंडातून निघालं, तसे राखेवर घसरले. सहाव्या प्रकरणात अण्णांनी राख कुंभाराच्या भट्टीची म्हटलीय, ते साफ चूक आहे, भट्टीची राख अशी पसरत नाही, आणि हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं आता हाकलून देतात. त्यांनी टेकडीच्या वह्या काढल्या आणि दोघांनी जमिनीवर पसरल्या.

दुपारभर नुसता आरडाओरडा. खालचा औषधवाला काय झालं म्हणून विचारायला वर आला. दोघांनी एकमेकांची अक्कल काढली, गुरू काढले. मी चहा ठेवला तो कोणी बघितलाही नाही. घोडेस्वार अजून तसाच उर्मट आहे, जाताना मला धन्यवाद म्हणाला नाही, आणि तो गुरुवारी परत येणार आहे.

तो गेल्यावर मी अण्णांना विचारलं, की राखेचं काय ठरलं. ते म्हणाले, की घोडेस्वारांचं बरोबर आहे, सहावं प्रकरण पार चुकलंय, सगळं नव्याने लिहावं लागेल. हे त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं आणि परत सांगायला दुकानात आले. आई गेल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिलेले नाहीत.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो या राखेच्या भांडणाहून जास्त टिकावा.
तुझी,
ताई