दत्ताभावजींची घरगाडी

३ नोव्हेंबर १९६८
दत्ताभावजी गाडी घेऊन आले. कुठल्याशा संस्थानिकाची जुनी शिकारीची मोटार, एस.टी.हून थोडी आखूड. आत दोन पलंग, सागवानी कपाटं, तोंड धुवायचं भांडं, वर आरसा. गल्ली लोटली बघायला. भावजी हुपरीचे पैंजण घेऊन वर्षभर जत्रा-बाजार फिरतात. आता बायकापोरंही संगं. घरातली खोली सोडणार, गाडीतच राहणार, कायमचं. शालन, माझी धाकटी जाऊ, गाडीच्या दारात उभी. "पाय पुसून या," म्हणते लोकांना.
मी गेले नाही. भाकरी राहिल्यात म्हटलं.

५ नोव्हें.
गेलेच शेवटी. शालन बाजारात गेलेली. मखमल उसवलीय, कुबट वास, एक खिडकी लागत नाही. बरं वाटलं. पलंगावर जरा आडवी झाले. खिडकीतून आपलं घर दिसलं. किती बुटकं.
संध्याकाळी ह्यांना विचारलं, "आपण कुठं गेलो का हो कधी?"
"वाडीला गेलतो की, देवाला." लग्नाच्या वर्षी. पुन्हा पेपरात डोकं.

८ नोव्हें.
पडदे कुठल्या रंगाचे करू, म्हणून शालन विचारायला आली. पांढरे कर म्हटलं. लगेच मळतात म्हणून. तिनं पांढरेच शिवले. फार छान दिसतात.
म्हणाली, "आक्का, आता ह्यांच्या वाटंकडं डोळं लावून बसायला नको." माझे हे रोज सहाच्या ठोक्याला घरी. तरी

११ नोव्हें.
जेवताना सहज म्हणून गेले, "सुलूच्या शाळेचं काय?" सहज कसलं, दोन दिवस जिभेवर घोळत होतं. सुलू भावजींची थोरली, तिसरीत. आमच्या दोघा पोरांची शाळा कधी बुडू दिली नाही, हेही जोडून दिलं. आत्याबाईंनी ताट सरकवलं, लेकाला म्हणाल्या, "पोरीची शाळा बुडवून हिंडायचं व्हय रं? इक ती गाडी."
वाटलं, राहिली गाडी. भात पुन्हा वाढून घेतला.

१२ नोव्हें.
नाही राहिली. भावजी म्हणाले, "गाडी इकणार न्हाय. सुलू ऱ्हाऊ दे वैनीकडं. धाकटा संगं येईल." सगळे माझ्याकडं बघायला लागले. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?
शालन उठून गेली. सुलूचे कपडे आणून माझ्याकडं ठेवले. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती.

१५ नोव्हें.
गेले. शालन "येतो, आक्का," एवढंच म्हणाली. पुढं भावजींशेजारी बसली, तोंडाला पदर. वाईट वाटलं. आणि तरी, खोटं कशाला लिहू, गाडी वळली तेव्हा मनात हेच की त्या खिडकीशी मी असते तर.
सुलू माझ्या हाताला होती. रडली नाही.

१९ नोव्हें.
सुलू शाळेला जाते, येते, वाढलं तेवढं खाते. आज वेणी घालताना म्हणाली, "थोरली आई, शाळेचं तूच काढलंस न्हवं?"
"मान सरळ धर," म्हटलं.
मग म्हणते, "आई म्हणाली, आक्कावर रुसू नको. तिला पण यायचं हुतं."
म्हणजे शालनला कळलं होतं. पडदे शिवतानाही?
एकदा भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हें.
हे सांगत आले, भावजींची गाडी गारगोटीच्या बाजाराला आलीय, चार दिवस तरी मुक्काम. "पोरीला भेटवून आण. एस.टी. हाय की थेट."
नेली तर ती माझ्याबरोबर परत यायची नाही. शालनही पाठवायची नाही, आणि शाळेचं आता कुठल्या तोंडानं काढू. न नेता ठेवली तर
ह्यांनी विचारलं, कितीची एस.टी.? बघते म्हटलं.
सुलू अंगणात दोरीवरच्या उड्या मारतेय, आमची पोरं मोजतायत. तिला अजून सांगितलेलं नाही.