पिंप्राळ्याला कळवलं का?

नाना,

माझी नात, म्हणजे तुमची पणती, आता अकरावीत आहे. तिला कॉलेजात तेच जुनं परदेशी नाटक लागलं आहे, जे सिस्टरनी धुळ्याच्या मिशनच्या शाळेत आमच्याकडून गॅदरिंगला करून घेतलं होतं. राजाची बंदी मोडून मेलेल्या भावाला मूठमाती देणाऱ्या बहिणीचं. बहीण मी होते. तुम्ही कोर्टातून परस्पर आलात आणि तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसलात, ते मला अजून दिसतं.

त्याच्या आदल्या वर्षी दादानं जळगावला तो शिकवत होता त्याच शाळेतल्या बौद्ध शिक्षिकेशी लग्न केलं होतं. त्याचं पत्र वाचून तुम्ही अंगणात गेलात, जिवंत मुलाच्या नावानं डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतून घेतलंत आणि ओल्या धोतरानं आत येऊन म्हणालात, "सुतक संपलं. या घरात त्याचं नाव निघणार नाही." आई आधीच गेलेली. उरलो आपण दोघं. नाव निघालं नाही.

तालमीत माझा आवाज फुटेना. सिस्टर वैतागायच्या, "अगं, समोर राजा आहे, भाजीवाला नाही! त्याला सांग, तो माझा भाऊ आहे." एक दिवस ते वाक्य असं बाहेर पडलं की राजा झालेली मुलगी पुढचं वाक्यच विसरली. गॅदरिंगला ऐन वेळी राजाची कापसाची दाढी अर्धी सुटून लोंबायला लागली, लोक हसले. मी मात्र तुमच्याकडे बघून बोलत होते. बाहेर पडताना शेजारच्या अक्का तुम्हाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "स्टेजवर भाऊकरता रडस, अन् घरमा भाऊनं नाव बी नही." टांग्यात बसून तुम्ही टोपी नीट केलीत. मग म्हणालात, "चांगलं बोललीस. पण राजाचंही चुकलं नाही. हुकूम तो हुकूम." आणि थोड्या वेळानं, "सिस्टरना म्हणावं, खानदेशात कापूस भरपूर आहे, डिंक जास्त लावा." मी हसले. तुम्हीही हसलात, वर्षभरात पहिल्यांदा. ते हसू पुन्हा दिसावं म्हणून मी पुढची दहा वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. दादानं जळगावजवळ पिंप्राळ्याला घर केलं, त्याला मुली झाल्या, हे मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. लग्नानंतरही मी धुळ्यातच होते, जळगावची बस रोज डोळ्यांसमोरून जायची.

परवा नात वाचता वाचता म्हणाली, "आजी, हे जुनं कुठंय? माझ्या वर्गातल्या एकीच्या ताईनं पळून जाऊन लग्न केलं, तर घरच्यांनी हिला फोनमधून ताईचा नंबर काढून टाकायला लावला." मी म्हटलं, "मग काढला तिनं?" "काढला ना. काय करणार?" पान उलटत ती म्हणाली, "पण मला त्या राजाचंच वाईट वाटतं गं. त्याचं मन बदलतं. फक्त उशीर होतो." मी चहा गाळत होते. कप भरून वाहिला तरी कळलं नाही.

दवाखान्यातली ती सकाळ. मी चमच्यानं तुमच्या ओठांना पाणी लावते आहे. तुम्ही डोळे उघडता आणि विचारता, "पिंप्राळ्याला कळवलं का?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याचा विषय, आणि तेही मुलाचं नाव न घेता. मला वाटलं, तुम्ही मला तपासता आहात. मी घाईनं म्हणाले, "नाही नाना. तुमच्या शब्दाबाहेर मी कशी जाईन?" तुम्ही खूश व्हाल अशी माझी समजूत. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दुपारी गेलात.

तुम्ही गेल्यावर मी केलेली तार मिळून दादा आला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. काकांनी त्याला लांबच उभं केलं. निघताना त्यानं मला विचारलं, "नानांनी शेवटपर्यंत माझं नाव काढलं नाही ना?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. नाव तुम्ही खरंच काढलं नव्हतं.

दादा आता पंच्याऐंशीचा आहे. वडील आपल्यावर रागावूनच गेले, असंच तो आजही धरून चालतो. काल सगळं सांगायचं ठरवून मी फोन लावला. तो म्हणाला, "केळ्याचे वेफर्स पाठवलेत, पोचले का गं?" मी म्हटलं, पोचले, छान आहेत, मीठ थोडं जास्त झालंय. आणि सांगायचं ते न सांगताच फोन ठेवला. नाना, वेफर्सचं पाकीट मी अजून उघडलेलंही नव्हतं.